नरसिंहपूरचा गिअरबॉक्स

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक तरुण मुलगा आमची जुनी मोटार बघायला आला होता. जुन्या गाड्या शोधायच्या आणि त्या पहिल्यासारख्या करून द्यायच्या हा त्याचा धंदा. शेडमधली ताडपत्री ओढली, धुळीचा लोट उठला, आणि अंगातल्या चांगल्या शर्टाची पर्वा न करता तो सरळ गाडीखाली आडवा झाला. मोबाइलचा उजेड लावून बराच वेळ काहीबाही बघत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "आजी, बॉडी झकास आहे. पण इंजिन बदललंय, आणि गिअरबॉक्सही ह्या गाडीचा नाही." मी म्हटलं, "नाहीच." "कुठून आणला होता?" "नरसिंहपूरहून." त्याला ते एखाद्या गॅरेजचं नाव वाटलं असावं. "तो काढून टाकावा लागेल," तो म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि गाडी विकायची नाही असं सांगून वाटेला लावलं. गाडी माझी नव्हे, रघूदादाची. पण त्याला विचारायचं मला सुचलंच नाही. संध्याकाळी सांगितलं, तेव्हा दादा नुसता "बरं केलंस" म्हणाला आणि उठून गोठ्याकडं गेला.

लोणी भापकरच्या शिवारात, गावापासून जरा अंतरावर आमची वस्ती होती. पुढं पडवी, मागं स्वयंपाकघर, बाजूला गोठा आणि गोठ्याला लागून पत्र्याची शेड. दोन विहिरींच्या पाण्यावर डाळिंब, गवार, भेंडी असं चालायचं. सकाळ उजाडायची ती आईच्या फुंकणीच्या आवाजानं आणि पाठोपाठ विहिरीवरच्या इंजिनाच्या पुकपुकीनं. आई हुलग्याचं माडगं करायची, त्यात लसूण इतका घालायची की शेडपर्यंत वास जायचा. शेडमध्ये मोटार उभी असायची. पुण्याच्या कुणा डॉक्टरीणबाईंची ती काळी, गोल पाठीची विलायती गाडी. बाई परदेशी निघून गेल्या आणि गाडी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, पदरात पडली. अख्खं गाव तिला 'मड्डम' म्हणायचं. मड्डम पेट्रोल एवढं प्यायची की अण्णा तिला फक्त लग्नसराईत बाहेर काढायचे. नवरदेव मागं बसायचा, करवली पुढं, आणि अण्णा फेटा बांधून स्टिअरिंगवर. बाकीचे महिने तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, आणि ती गोळा करायचं काम माझं.

रघूदादा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. आयटीआयला मोटारीचं काम शिकून आला होता, पण नोकरीला कुठं गेला नाही. त्यानं मड्डमला डिझेलवर करायचं मनावर घेतलं. बारामतीत भंगाराच्या अड्ड्यावर त्याला एका टेम्पोचं इंजिन मिळालं. ते बसवायला उन्हाळा गेला. आम्ही सगळी जेवायला बसलो की तो ताटाभोवती मीठ-चटणीच्या वाट्या मांडून आईला समजावायचा, हे इंजिन, हा क्लच, ही मागची चाकं, आणि आई म्हणायची, "आधी ती चटणी संपीव." पहिल्यांदा गाडी बाहेर काढली, तेव्हा मोरगावच्या रस्त्याला चढावर मड्डमच्या पोटात दाढा पडल्यासारखा कडकड आवाज झाला आणि ती थांबली. जुन्या नाजूक गिअरबॉक्सला डिझेल इंजिनाचा हिसका सोसला नव्हता. आतले दात निखळून पडले होते. आता जीपचा गिअरबॉक्स हवा होता. भंगारवाल्या चाचांनी सांगितलं, "नरसिंहपूरजवळ एक जीप उभी आहे. वडाप करायचा पोरगा, भाड्यानं माणसं न्यायचा. तो गेला. इंजिन गुऱ्हाळवाल्यानं नेलं, बाकी तसंच आहे. बघा, देतात का."

आम्ही भाजीचा टेम्पो घेऊन निघालो: अण्णा, दादा आणि मी. मला नेलं ते आईच्या सांगण्यावरून. नरसिंह तिच्या माहेरचं दैवत, नारळ फोडायचा राहिला होता. मी एकोणीस वर्षांची होते, बारामतीच्या कॉलेजात जात होते आणि इंदापूरच्या पलीकडं कधी गेले नव्हते. लोणी देवकरवरून जाताना आता दोन्ही बाजूंना कारखान्यांची कुंपणं लागतात, तिथं तेव्हा नुसतं माळरान होतं. त्या माळावर दादानं शीळ घातलेली मला आठवते. एका मेलेल्या माणसाच्या गाडीचा भाग उतरवायला आम्ही चाललो होतो, आणि सहलीला निघाल्यासारखे खुशीत होतो. मी तर गुलाबी साडी नेसले होते.

देवळाच्या अलीकडं, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर ते घर होतं. अंगणात लिंबाखाली जीप. टायर नव्हते, दगडांवर ठेवलेली. निवृत्तीतात्या म्हणजे गेलेल्या दत्तूचे वडील. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. त्यांनी अण्णांना रामराम केला आणि घोंगडं अंथरलं. दत्तूची आई उंबऱ्यात बसली होती. तिला सगळे जिजी म्हणायचे. किमतीची बोलणी अण्णांनी केली, ती मी इथं लिहीत नाही. तात्यांनी एकदाही मान वर केली नाही एवढंच सांगते. दत्तू काविळीनं गेला होता. आधी झाडपाल्याचं औषध केलं, मग अकलूजच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. ज्या जीपमधून तो गावभरच्या बायाबापड्यांना दवाखान्यात पोचवायचा, तिच्यातूनच त्याला नेलं होतं, आणि चालवायला दुसरा माणूस शोधण्यात सकाळ गेली होती. हे तात्यांनी तक्रारीनं नव्हे, पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

दादा जीपखाली शिरला. मी पडवीत उभी होते. थोड्या वेळानं घरातून एक बाई आली. माझ्याहून फार तर तीन वर्षांनी मोठी, कपाळ मोकळं, कडेवर वर्ष-दीड वर्षाची मुलगी. तिनं मुलगी काही न विचारता माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि जीपपाशी उकिडवी बसली. ही रतन, दत्तूची बायको. पान्यांची पेटी तिनं जवळ ओढली. दादा खालून हात काढायचा आणि ती त्यात पाना ठेवायची. "ह्यो न्हाय, मोठा," असं त्याला एकदाही म्हणावं लागलं नाही. नवरा जीपखाली असताना ती हेच करत आली असणार. मुलगी माझ्या गुलाबी पदराशी खेळत होती. तिचं नाव मंगल.

शेवटचा बोल्ट सुटला आणि गिअरबॉक्स दादाच्या अंदाजाआधीच खाली आला. तो ओरडला. रतननं दोन्ही हातांनी कडा धरून ते धूड उचलून धरलं, तात्या धावले, अण्णा धावले. दादाच्या दंडाला खरचटलं, बाकी काही नाही. पण ते काळं तेलकट लोखंड अंगणात मधोमध ठेवलं गेलं, तशी जिजी उंबऱ्यातून उठली. आम्हांला वाटलं, आत जाईल. ती जवळ आली, गिअरच्या दांड्यावरची गोल मूठ तिनं तळव्यात धरली आणि दादाला म्हणाली, "लगीच धुऊ नगंस बाबा तिला. दत्तूच्या हाताचा वास हाय."

आणि मग तिनं आम्हांला जेवायला घातलं. बाजरीची भाकरी, नदीच्या माशांचं कालवण, कच्चा कांदा. मासे इतके ताजे मी आधी कधी खाल्ले नव्हते. अण्णा खाली मान घालून जेवत होते. दादा भाकरीचा एकच तुकडा कालवणात बुडवत राहिला. "खा की रं," जिजी म्हणाली, "त्येलाबी लई आवडायचं." टेम्पो निघाला तेव्हा रतननं मंगलला माझ्याकडून घेतलं आणि दादाकडं न बघता विचारलं, "तुमच्या गाडीत चालंल का वो त्यो?" दादा म्हणाला, "चालंल की. चालला की आणून दावतो." परतीच्या वाटेवर कुणी शीळ घातली नाही. देवळात जाऊन नारळ फोडायचा मात्र राहूनच गेला. आईनं त्याबद्दल मला चार दिवस बोलून घेतलं.

गिअरबॉक्स बसला. दादानं मड्डमच्या तळाला भोक पाडून दांडा वर काढला, जमिनीतून काठी उगवावी तसा. मूठ धुतली नाही. गाडी चालली, चांगली चालली. अण्णांनी पेढे वाटले. पण त्या घरून निघताना दिलेलं वचन पाळायचं म्हणून दादा गाडी घेऊन नरसिंहपूरला गेला, मग शाफ्टचा जॉइंट मिळतो का बघायला गेला, मग जीपचा जॅक घेऊन आला, जो आम्हांला लागणारच नव्हता. दर खेपेला तो मला बरोबर न्यायचा. तरुण विधवेच्या घरी एकटा पोरगा गेलेला दिसू नये एवढी समज त्याला होती. मी कॉलेज बुडवून जायचे. तात्यांशी तो पिकापाण्याचं बोलायचा, रतन आत चहा करायची, आणि चहाची कपबशी हातात देताना दोघं एकमेकांकडं बघायची नाहीत ते इतकं ठरवून, की आंधळ्यालाही कळावं.

एकदा रतन आणि मी घाटाच्या पायऱ्यांवर धुणं घेऊन गेलो. समोर भीमा आणि नीरा एकमेकींत मिसळताना दिसत होत्या, एकीचं पाणी गढूळ, एकीचं निवळ. दत्तूला शेवटचं तिथंच पोचवलं होतं. रतन साडी पिळता पिळता म्हणाली, "तुझ्या दादाला सांग, येत जाऊ नगंस." मी विचारलं, "तो आलेला आवडत नाही का?" ती बराच वेळ पायऱ्यांवर धुणं आपटत राहिली. मग म्हणाली, "आवडतंय म्हून तर सांगती." मला ते ऐकून इतका आनंद झाला की काय सांगू. मी तेव्हा मराठी कादंबऱ्या वाचत होते. विधवेचं लग्न ही माझ्या दृष्टीनं मोठी उजेडाची गोष्ट होती, आणि ती माझ्या घरात घडणार होती. त्या उजेडात तात्या आणि जिजी कुठं उभे राहतील, हे माझ्या मनात आलंसुद्धा नाही.

घरी आईला कळलं तेव्हा तिनं फुंकणी खाली ठेवली. "आपल्यात पाट लावत न्हाईत," ती म्हणाली. "आन लेकरू हाय तिला." अण्णा आईपेक्षा जास्त हादरले होते, पण त्यांचं कारण निराळं होतं. "आपण त्यांच्या दारात काय म्हणून गेलो होतो?" ते दादाला म्हणाले. "लोखंड घ्यायला. त्यांनी जेवू घातलं. आता त्यांची सून मागायची? कुठल्या तोंडानं?" दादा म्हणाला, "मी मागणार न्हाय. पर दुसरीशी लगीन बी करणार न्हाय." महिनाभर घरात कुणी धड बोललं नाही. माडगं उतू जायचं, आई बघत बसायची. दादानं नरसिंहपूरला जाणं बंद केलं, मड्डमवर ताडपत्री घातली आणि विहिरीवरचं इंजिन विनाकारण उघडून बसला.

आणि मग एका सकाळी तात्या आले. लांबून, फाट्यावर एसटीतून उतरून चालत येताना मीच त्यांना पाहिलं. खांद्यावर पोतं. अण्णा पडवीत होते, त्यांचा चेहरा उतरला. भांडायला आले असंच आम्हां सगळ्यांना वाटलं. आई आत गेली. तात्यांनी पोतं खाली ठेवलं, त्यात ऊस होता आणि गुळाची ढेप. पाणी प्याले. बराच वेळ गवारीच्या भावाचं बोलले. मग म्हणाले, "अण्णा, रघू येत न्हाय आता."

अण्णा म्हणाले, "चुकलं पोराचं. मी बोललोय त्याला. पुन्हा येणार न्हाय."

"तसं न्हवं," तात्या म्हणाले. "पोरगी जेवत न्हाय."

आत आईच्या हातातलं भांडं वाजलं.

"मी रतनच्या भावाकडं जाऊन आलो," तात्या पुढं म्हणाले. "त्यो म्हणतो, तुमची सून, तुमी बगा. आमी दोगं पिकलं पान. आमच्या मागं तिनं कुणाच्या दारात बसायचं? गिरबॉक उतरिवला त्या दिशीच मला दिसलं. ती कवाच्यान त्या जीपपाशी फिरकत न्हवती, त्या दिशी आपसूक जाऊन बसली. तुमची ना न्हसंल, तर न्या तिला."

अण्णांनी तात्यांचे दोन्ही हात धरले आणि ते रडायला लागले. माझ्या वडलांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तात्याच त्यांना "आसं करू नगा" म्हणत होते. आई बाहेर आली आणि तिनं विचारलं, तिला जे विचारायचं होतं तेच: "आन जिजी?" तात्या म्हणाले, "तिला म्या समजावलंय. पर पोर देणार न्हाय म्हणती. नातीला हात लावू देणार न्हाय. दत्तूचं तेवढंच हाय, म्हणती."

रतननं हे कबूल केलं कसं, हे मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. तिला नकार देऊन तिथंच राहता आलं असतं. एकदा तिनं तसं ठरवलंही. मग मी गेले. "चार दिवसांत रुळेल गं मंगल. आपण दर पंधरवड्याला येऊ की, घरची गाडी आहे," असं मी तिला सांगितलं. मला ते खरंच तसं वाटत होतं. मूल म्हणजे काय, हे मला पुढं माझं झाल्यावर कळलं, आणि पहिल्या रात्री मुलगा माझ्या कुशीत असताना मला रतनवहिनी आठवली.

लग्न नरसिंहाच्या देवळात झालं, सकाळी, पाच-पंचवीस माणसांत. तात्या उभे होते. जिजी आली नाही. ती मंगलला घेऊन शेतात जाऊन बसली होती, गाडीचा आवाज पोरीच्या कानी पडू नये म्हणून. मड्डम निघाली तेव्हा वहिनी एकदाही रडली नाही. मागच्या सीटवर ती माझ्या शेजारी होती, आणि दादानं गिअर टाकायला दांड्याला हात घातला की प्रत्येक वेळी तिकडं बघायची. इंदापूर मागं पडलं तसं तिनं डोळे मिटून घेतले.

वहिनी आमच्या घरात चांगली रमली, असं लोक म्हणायचे. ती कामसू होती, आईनं तिला महिन्याभरात जवळ केलं. पण दूध तापवलं की एक छोटी वाटी काढून बाजूला ठेवायची आणि मग लक्षात आलं की ती परत पातेल्यात ओतायची. आई ते बघायची आणि बोलायची नाही. दर पंधरवड्याला आम्ही नरसिंहपूरला जायचो. अण्णा स्वतः यायचे नाहीत. तात्यांना तोंड दाखवायला त्यांना जड जायचं. ते पोती पाठवायचे. भेंडी, डाळिंबं, ज्वारी, जे असेल ते. आणि तात्या कुठलंही पोतं रिकामं परत पाठवायचे नाहीत. ऊस, शेंगा, मक्याची कणसं, काही ना काही भरलेलं असायचं. ते भरलेलं पोतं पडवीत उतरवलं की अण्णा त्याला हातही न लावता शेतात निघून जायचे.

मंगल रुळली, माझं म्हणणं खरं झालं. ती जिजीला आई म्हणायला लागली. आणि वहिनीला 'गाडीतली आई'. मड्डमचा आवाज आला की धावत यायची, "गाडीतली आई आली, गाडीतली आई आली," आणि वहिनीकडं न जाता आधी गाडीत चढायची. दादा तिला देवळापर्यंत फिरवून आणायचा. ती त्याच्या मांडीवर बसून गिअरच्या मुठीवर हात ठेवायची, त्याच्या हाताखाली. जिजी दारातून बघत राहायची. ह्या सगळ्यात वाईट कुणीच वागत नव्हतं. जिजी आम्हांला चहा द्यायची, वहिनीच्या डोक्याला तेल लावून द्यायची, आणि तरी परतीच्या वाटेवर मला वाटायचं की आपण त्या घरातून दर वेळी काहीतरी उचलून आणतोय. आज मंगल चाळिशी ओलांडलेली बाई आहे, मला आत्या म्हणते, तिचे फोन येतात. तिला ह्यातलं काही आठवत नाही म्हणते. खरं असेल. मी कधी खोदून विचारलं नाही.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग वहिनीला दिवस गेले. आम्ही नरसिंहपुरात अजून सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं तेच कळत नव्हतं. त्या दिवशी थंडी होती. दुपारी जेवणं झाली, ऊन अंगणात आलं होतं, वहिनी वाकून मंगलची वेणी घालत होती, आणि जिजी म्हणाली, "कितवा?" वहिनीचा हात थांबला. "चवथा," ती म्हणाली. जिजी मान हलवून आत गेली. निघायची वेळ झाली. मंगल नेहमीसारखी गाडीत चढून बसली होती. वहिनीनं तिला उतरवायला हात पुढं केले, तर तिनं गिअरचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. हसत होती, खेळ समजून. वहिनी तिची बोटं एकेक करून सोडवायला लागली. एक सोडवलं की दुसरं घट्ट व्हायचं. मग हसणं थांबलं आणि पोर रडायला लागली. वहिनी रडत नव्हती, ती नुसती बोटं सोडवत होती, शेंगा सोलाव्यात तशी. दादा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता.

"ऱ्हाऊ दे तिला," जिजीचा आवाज आला.

ती दारात उभी होती. पायांत वहाणा, काखेत गाठोडं. कधी बांधलं होतं कोण जाणे. ती गाडीपाशी आली, मागचं दार तिला उघडता येईना, मी उघडलं. ती आत बसली आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

"तिचं भावंड आईपाशी वाडंल आन ही हितं माझ्यापाशी," ती म्हणाली. "ह्ये काय खरं न्हाय. म्या आडवी पडली व्हती, आता उठली. पर पोरीबिगर मला झोप लागत न्हाय. तवा मी बी येती. तुमच्यात कुठं बी टाका मला, गोठ्यात टाका."

तात्या लिंबाखाली उभे होते, त्या दगडांवरच्या सांगाड्याला हात टेकून. "आन मी?" त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात.

"तुमी गुरं सांबाळा. येती की मी."

"व्हय," तात्या म्हणाले. "गुरं हायतच."

दादा म्हणाला, "तात्या, तुमी बी चला. गुरं आणू मागनं टेम्पोत."

तात्यांनी नदीकडं हात केला. "दत्तूला सोडून कुठं येऊ?" आणि मग, आम्हांला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून असेल, म्हणाले, "सणाला येतो की. जेवायला येतो." ते आलेही. जिजी आमच्याकडं शेवटपर्यंत राहिली, मधूनअधून तिकडं जाऊन आली. तात्या दर सणाला यायचे, मंगलला आणि नंतरच्या बाळाला मांडीवर घेऊन जेवायचे, आणि संध्याकाळची एसटी धरायचे. मुक्काम कधी केला नाही. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी दादानं चावी फिरवली आणि मड्डम उठेना. गारठ्यानं बॅटरी बसली होती. दोनदा घरघरली आणि गप्प झाली. आत जिजी बसलेली, मंगल हुंदके देत वहिनीच्या मांडीवर, आणि गाडी जागची हलत नाही. घरापासून रस्त्यापर्यंत उतार होता. मी उतरून मागं गेले आणि ढकलायला लागले. एकटीच्यानं ती काय हलणार. तेवढ्यात माझ्या शेजारी तात्या आले. धोतर खोचलं, वाकले आणि गाडीच्या त्या गोल पाठीला खांदा लावला.

मी म्हटलं, "तात्या, तुम्ही नका." त्यांनी ऐकलं नाही. मी मान फिरवून दुसरीकडं बघितलं. त्यांचं सगळं घर त्या गाडीत होतं आणि ते तिला ढकलत होते, माझ्याहून जास्त जोर लावून, दात आवळून. गाडी हलली. चाकांखाली खडे करकरले. तात्यांनी दम घेत पुढं हाक मारली, "रघू, पयल्या गेरात नगं. दुसऱ्यात टाक. दत्तू दुसऱ्यातच उठवायचा."

दादानं दुसरा गिअर टाकला. गाडीनं गचका खाल्ला, काळा धूर आमच्या तोंडावर आला, आणि इंजिन लागलं. आता थांबवली तर पुन्हा बंद पडेल म्हणून दादा थांबू शकत नव्हता. मागचं दार उघडं ठेवून तो हळूहळू रस्त्याकडं निघाला. मी तिथंच उभी राहिले. तात्या गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. त्यांनी मान वर केली आणि मला बघून त्यांना घाई झाली.

"पळ, पोरी," ते म्हणाले. "ऱ्हाशील मागं."